बासष्ट हजार चारशे अठरा

मी एक माहितीचा कागद आहे आणि आज पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलतोय. आजवर मी दुसऱ्याबद्दलच बोलत आलो. माझा जन्मच त्यासाठी झाला होता.

तो दुसरा म्हणजे एक टूल. संगणकातला एक छोटासा हरकाम्या म्हणा. हरकाम्या तरी कसला, त्याला एकच काम येतं. क्रिप्टो नाण्याचं नाव सांगितलं की धावत जायचं आणि त्या नाण्याचा त्या क्षणाचा भाव घेऊन यायचं. त्याला हाक कशी मारायची, नाणं कसं सांगायचं, उत्तर कोणत्या रूपात येतं, हे सगळं माझ्यावर लिहिलेलं आहे. ऑफिसात मला डॉक्युमेंट म्हणतात.

माझं एक वेगळेपण सांगतो. मी माणसांसाठी लिहिलेला नाही. माणसं माहितीचे कागद वाचत नाहीत, हे जगजाहीर आहे. नवं मशीन घरी आलं की त्याचं पत्रक पिशवीसकट माळ्यावर जातं आणि मशीन बिघडलं की मग घरभर शोधाशोध सुरू होते. माझे वाचक होते एजंट, म्हणजे माणसांनी आपापल्या फोनमध्ये ठेवलेले एआयचे मदतनीस. माणसाने फोनला भाव विचारला की एजंट आधी माझ्याकडे येणार, मला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचणार आणि मग टूलला हाक मारणार. दर वेळी अख्खा वाचणार. असे वाचक कोणत्या कागदाच्या नशिबी असतात? मला याचा फार गर्व होता. तो कसा उतरला तेच सांगायचं आहे.

मला लिहिलं एका बाईने. वय बेचाळीस, केसांत पेन खोचायची सवय, चहा थंड झाल्याशिवाय न पिण्याची सवय. याआधी तिने औषधांच्या खोक्यातली पत्रकं लिहिली होती, त्याआधी शिलाई मशीनची. ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनला लागून तिचं टेबल होतं. उन्हाळ्यात त्या मशीनचा गरम वारा थेट तिच्या मानेवर यायचा, पण जागा बदलून मागणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तिने मला मनापासून लिहिलं. टूल कसं चालतं ते प्रोग्रामरला विचारून घेतलं. प्रोग्रामर एक वाक्य सांगायचा आणि तीन वेळा घड्याळ बघायचा. शेवटी नमुना उत्तर लिहायची वेळ आली. टूलने भाव आणला की तो कसा दिसेल, हे दाखवायला एक आकडा हवा होता.

"टाक काहीही," प्रोग्रामर म्हणाला. "एक दोन तीन चार टाक."

"खोटा आकडा खोटा दिसतो," ती म्हणाली. "वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही."

तिने त्या दिवशीचा, त्या मिनिटाचा खरा भाव बघितला आणि माझ्यावर टाकला. बासष्ट हजार चारशे अठरा. त्याच्या खाली तिने एक ओळ लिहिली: 'वरील आकडा केवळ नमुन्याचा आहे, तो कुणालाही खरा भाव म्हणून सांगू नये.'

ही ओळ लक्षात ठेवा. मला ती विसरता येत नाही.

तिच्या साहेबांना सगळा मजला पाठीमागे 'कात्री' म्हणायचा. कुठलाही मजकूर समोर आला की त्यांचा हात आधी कापायलाच जायचा. वाचायचं नंतर, जमलं तर. पण माझ्या बाबतीत त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. एजंट मला दर वेळी अख्खा वाचतात आणि एजंटाच्या वाचनाचा खर्च शब्दागणिक लागतो. हजारो एजंट, दिवसातून हजारो वेळा.

"सहाशे शब्दांत बसव," कात्री म्हणाले. "एकही वर नको."

मी अकराशे शब्दांचा होतो. आठवडाभर ती मला सोलत राहिली. नम्रपणाची वाक्यं गेली, दोन उदाहरणं गेली, 'कृपया' तर सगळेच गेले. सहाशे बारावर गाडी अडली. कुठेही हात लावला तरी मजकूर ओरडतोय असं व्हायला लागलं. शुक्रवारी संध्याकाळी तिने मला कागदावर छापून घेतलं, एका बाजूला मजकूर, मागची बाजू कोरी, आणि पर्समध्ये घालून घरी नेलं. तेव्हापासून मी दोन ठिकाणी राहतो. एक मी ऑफिसच्या सर्व्हरवर, एक मी तिच्या घरी. दोघांचं दुःख एकच आहे.

घर लहान होतं. दोन खोल्या, एक गॅलरी, गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी. घरात तिघं. ती, तिचे बाबा आणि तिची आई.

बाबा एकतीस वर्षं छापखान्यात प्रूफरीडर होते. छापखाना बंद पडला तेव्हा सगळ्यांनी आपापल्या वस्तू नेल्या, बाबांनी टेबलाच्या खणातली लाल पेनं तेवढी आणली. सात पेनं. कोरडी पडू नयेत म्हणून ते दर रविवारी प्रत्येकाने एक रेघ ओढून बघायचे. घरात येणारं प्रत्येक पत्रक, दुकानाच्या पिशवीवरचा मजकूर, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, सगळं ते वाचायचे आणि चूक सापडली की त्यांचा दिवस चांगला जायचा.

आईला सगळ्याचा विसर पडत चालला होता. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायची, मग तो चष्मा कशाला लागतो ते विसरली. दोनदा गॅस चालू राहिला. एकदा ती घरातल्या चपलांनी बाहेर पडली आणि चार तासांनी बसच्या डेपोत सापडली. कंडक्टरला ती शाळेचा पत्ता विचारत होती, कारण तिच्या मते तिच्या मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती. तेव्हापासून बाबा अंघोळीलाही दार उघडं ठेवून बसायचे.

त्या घरात मी आलो आणि मुलगी म्हणाली, "बाबा, बारा शब्द निघत नाहीयेत."

बाबांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं दिवा लावला. एकतीस वर्षं त्यांनी मजकूर कॉलमात बसवला होता. "बाराच? दे इकडे," ते म्हणाले आणि खणातून लाल पेन आलं.

त्यांनी मला दोनदा वाचलं. एके ठिकाणी त्यांनी 'लगेच' हा शब्द खोडला, मग जरा थांबले आणि म्हणाले, "नाही, हा हवा." खोडलेल्या शब्दाखाली त्यांनी बारीक टिंबं दिली आणि समासात लिहिलं, 'राहू द्यावे'. छापखान्यात अशीच पद्धत. खोडलेलं परत हवं असलं की खाली टिंबं द्यायची, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला कळतं.

"आकडे तपासलेत का?" मुलीने विचारलं.

"आकडे मी बघत नाही. आकडे लेखकाचे, अक्षरं माझी. एकतीस वर्षं हाच नियम."

मग ते त्या ओळीपाशी आले. पेनाच्या टोकाने एकेक शब्द मोजला. बारा. बरोबर बारा. "ही बघ. पुनरुक्ती," ते म्हणाले आणि सरळ एक रेघ ओढली. "वर 'नमुना उत्तर' असं ठळक लिहिलंयस. मग खाली परत 'हा नमुना आहे' कशाला? वाचणारा काय बावळट आहे?"

"वाचणारा माणूस नाहीये, बाबा."

"मग तर झालंच. माणूस चुकेल. मशीन कशाला चुकतंय?"

ती थोडा वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. तिला ती ओळ हवी होती, मला दिसत होतं. पण पलंगावर आई उशीचा अभ्रा उलटा करत बसली होती, पुन्हा सुलटा करत होती, आणि कित्येक महिन्यांनी बाबा आपल्या कामाच्या ऐटीत बसले होते. त्यांच्या हातून पेन काढून घेणं तिच्याने झालं नाही. "बरं," ती म्हणाली.

सोमवारी ओळ सर्व्हरवरूनही गेली. मी बरोबर सहाशे शब्दांचा झालो. कात्रींनी मान डोलावली. त्यांनी मान डोलावणं म्हणजे इतरांनी हार घालण्यासारखं होतं. मुलीला लगेच दुसऱ्या टूलचा कागद लिहायला दिला गेला आणि मी कामाला लागलो.

आता पैशांचं सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं कळणार नाही. छापखान्यातून मिळालेली शेवटची रक्कम बाबांनी बँकेत ठेवली नव्हती. त्यांचा एक जुना सोबती होता, छापखान्यातला बाइंडर. त्याच्या नादाने बाबांनी त्या रकमेतून क्रिप्टो नाणी घेतली होती, आणि तीही मुलीला न सांगता. तिला कळलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नव्हती. पण भाव चढला. चढता चढता अशा ठिकाणी आला की त्यात आईची सोय होणार होती.

शहराबाहेर विसरणाऱ्या माणसांना सांभाळणारं एक केंद्र होतं. तिघंही ते बघून आले होते. खाली एक खोली रिकामी होणार होती. खोलीला मोठी खिडकी, खिडकीबाहेर बंदिस्त अंगण, अंगणाला गोल वाट. माणूस कितीही चालला तरी फिरून तिथेच येणार. आई त्या खिडकीपाशी पाऊण तास बसली होती. परत निघताना ती उठेचना. घरी आल्यावर ती सगळं विसरली, केंद्र विसरली, तिथल्या मेट्रन विसरली, आपण गाडीत बसून गेलो होतो हेही विसरली. खिडकी मात्र तिच्या डोक्यात राहिली. "ती खिडकीची खोली," ती म्हणायची. "कधी जायचं?"

मेट्रननी स्पष्ट सांगितलं होतं: गुरुवारी डॉक्टर आईंना तपासतील, त्यांनी हो म्हटलं तर शुक्रवारी पाचच्या आत अनामत भरायची. खोली एकच आहे आणि मागे चार नावं आहेत.

बापलेकीत वाटणी झाली. नाणी मुलीच्या फोनमधून विकायची, कारण ते बाबांना जमत नव्हतं. भाव बघायचं काम बाबांचं, कारण ती स्वतः बघायला लागली की तिचं कामात लक्ष लागायचं नाही. दर तासाला बघून बघून तिला मागे एकदा ताप आला होता. डॉक्टरांनी हो म्हटलं की शुक्रवारी सकाळी विकायचं. त्याआधी भाव पंचावन्न हजारांच्या जवळ आला तर बाबांनी लगेच फोन करायचा, कारण पंचावन्नच्या खाली अनामत भरत नव्हती.

"डोळ्यांत तेल घालून बघीन," बाबा म्हणाले. आणि खरंच बघितलं. त्यांच्या बाजूने काडीचीही कसूर झाली नाही, हे मी शपथेवर सांगेन.

ते आपल्या फोनमधल्या एजंटाला 'बाई' म्हणायचे, कारण त्याचा आवाज बाईचा होता. तपासणीच्या आठवड्यात, सोमवारपासून, रोज दुपारी चार वाजता, आईला बिस्किट दिलं की, ते फोन तोंडाजवळ धरून विचारायचे, "बाई, आज काय भाव?" आणि उत्तर आलं की लिहून ठेवायचे. लिहायला त्यांनी टेबलावरचा हाताला येईल तो कागद घेतला. तो मी होतो. माझी मागची कोरी बाजू.

त्या सोमवारी सकाळी काय झालं ते मला सर्व्हरवर कळलं. टूल ज्या ठिकाणाहून भाव आणायचं त्या ठिकाणाने आपलं दार, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, हलवलं. टूल जुन्या दाराशी गेलं, कुणी भेटलं नाही, आणि ते रिकाम्या हाताने परत आलं. परत येऊन 'दार बंद होतं' असं सांगावं एवढीही अक्कल त्याला कुणी शिकवली नव्हती. ते नुसतं गप्प उभं राहायचं. प्रोग्रामर घर बदलण्यासाठी आठवडाभर रजेवर होता. त्याचा फोन खोक्यात आणि खोकं टेम्पोत.

बरेचसे एजंट ते रिकामं उत्तर बघून निघून गेले. दुसऱ्या कुठून तरी त्यांनी भाव आणला असेल. पण बाबांची बाई तशी नव्हती. तिला नाही म्हणता येत नसे. कुणी काही विचारलं तर काहीतरी द्यायचंच, अशीच तिची घडण होती. तिने टूलकडे बघितलं, ते गप्प. मग तिने मला वाचलं. माझ्यावर त्याच नाण्याचं नाव होतं, त्याच्यापुढे भाव होता, नीटनेटका, खरा वाटणारा. नमुना हा शब्द वर होता, पण तो उत्तराच्या रूपाबद्दल आहे की आकड्याबद्दल, हे सांगणारी ओळ तिथे नव्हती. ती मी हरवून बसलो होतो.

"आजचा भाव बासष्ट हजार चारशे अठरा आहे," बाई म्हणाली.

मी ओरडलो नाही, कारण कागदाला ओरडता येत नाही. माझ्याच अंगावरचा आकडा माझ्यासमोर, खऱ्याच्या थाटात, एका म्हाताऱ्याच्या कानात चालला होता, आणि मी बघत होतो.

बाबांनी मला उलटं केलं आणि मागे लिहिलं: सोमवार, ६२,४१८. त्यांच्या जिवात जीव आला. "बरं चाललंय," ते आईला म्हणाले.

"खिडकीची खोली?" आईने विचारलं.

"शुक्रवारी," बाबा म्हणाले.

बाहेर बाजार कोसळत होता. मला ते कळत नव्हतं, माझं ज्ञान सहाशे शब्दांचं. नंतर सगळं ऐकलं. सोमवारी अठ्ठावन्न, मंगळवारी त्रेपन्न, बुधवारी सत्तेचाळीस. घरात टीव्ही नव्हता, त्यातल्या माणसांना आई घरात घ्यायला जायची म्हणून तो शेजारी देऊन टाकला होता. वर्तमानपत्र बाबा घ्यायचे, पण ते पहिल्या पानापासून चुका शोधत जायचे आणि बाजाराच्या पानापर्यंत पोचायच्या आत आईची जेवायची वेळ व्हायची.

मंगळवार, ६२,४१८.

बुधवारी बाबा लिहिता लिहिता थांबले. तीच तीच अक्षरं सलग तीन ओळी आली तर कुठल्या प्रूफरीडरला खटकणार नाही? त्यांनी फोन पुन्हा उचलला. "बाई, हा तर कालचाच आकडा आहे."

"हो, भावात बदल झालेला नाही," बाई गोड आवाजात म्हणाली. "बाजार सध्या स्थिर आहे."

बाबांनी मान हलवली आणि लिहिलं. आकडे लेखकाचे. एकतीस वर्षांचा नियम.

त्याच दुपारी मुलीने ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणाला तरी डोक्याला हात लावून बसलेलं बघितलं. नाणी बुडाली, असं तो म्हणत होता. तिने जागेवरून घरी फोन केला.

"बाबा, भाव बघितलात?"

"बघितला. बासष्ट हजार चारशे अठरा. हलला नाही तिथून."

"इथे कुणीतरी म्हणतंय पडलाय."

"दुसरं नाणं असेल गं. शंभर नाणी आहेत. मी लिहून ठेवलंय."

तो आकडा कानावर पडला तेव्हा ती क्षणभर थबकली असणार. तिनेच तर तो लिहिला होता. पण त्यानंतर तिने दुसऱ्या टूलसाठी दोनशे आकडे लिहिले होते, आणि शिवाय बाबांनी आजवर एकही अक्षर चुकीचं वाचलेलं तिला आठवत नव्हतं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिचा त्यांच्या डोळ्यांवर विश्वास होता. तिने फोन ठेवला.

गुरुवारी डॉक्टरांनी आईला तपासलं आणि हो म्हटलं. बाबांनी संध्याकाळी आईची पिशवी भरली. टॉवेल, कंगवा, दोन गाऊन, उशीचा तो अभ्रा.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मुलीने रजा टाकली, टेबलाशी बसली आणि विकायला फोन उघडला. मी तिच्या कोपराखाली होतो. तिचा हात थांबला. तिने फोन बंद केला, परत उघडला.

"बाबा, एकेचाळीस दाखवतंय."

"काय एकेचाळीस?"

"भाव. एकेचाळीस हजार."

"काहीतरीच काय. काल चार वाजता बासष्ट होता. हे बघ, मी लिहिलंय ना." त्यांनी मला तिच्या कोपराखालून ओढून काढलं आणि पुढे धरलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चार ओळी, सुबक अक्षर, चारही सारख्या.

मुलीने त्या चार ओळी वाचल्या. मग तिने मला उलटं केलं.

त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघणं माझ्या जिवावर आलं. तिने नमुना उत्तर वाचलं. खालची लाल रेघ बघितली. रेघेखालचे बारा शब्द अजून स्वच्छ वाचता येत होते. लाल पेन चांगलं होतं, पण अक्षर झाकण्याइतकं जाड नव्हतं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

तिने मला परत पालथं ठेवलं, चार ओळींची बाजू वर. "मशीनची चूक आहे, बाबा," ती म्हणाली. "मशीन बिघडलं होतं."

त्या दिवशी तिने होतं नव्हतं ते सगळं करून बघितलं. मेट्रनना फोन केला, त्यांनी सोमवार सकाळपर्यंत मुदत दिली, त्याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतं. कात्रींकडे उचल मागितली, त्यांनी अर्जाचा नमुना पाठवला आणि तो दोन महिन्यांनी मंजूर होतो असं सांगितलं. बाइंडर फोन उचलत नव्हता, तोही त्याच पाण्यात बुडाला होता. सोमवारी साडेदहाला ती खोली यादीतल्या दुसऱ्या नावाला गेली.

ऑफिसात बैठक झाली. प्रोग्रामर म्हणाला, टूलने खोटं काही सांगितलं नाही, टूल तर गप्प होतं. बाई ज्या कंपनीची होती तिने कळवलं की एजंटाने समोर होतं तेच वाचलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"डॉक्युमेंटात इशारा का नाही?" कात्रींनी विचारलं.

"होता," ती म्हणाली. "मी काढला."

ती खोटं बोलली. तिने हे का केलं ते मला ठाऊक आहे, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

त्यानंतर ती जे काही लिहिते त्यात दर दोन ओळींनी एक इशारा असतो. कात्री ते कापतात. ती परत घालते. पूर्वी ती लिहिताना गुणगुणायची, आता गुणगुणत नाही. टूल दुरुस्त झालं, माझ्यावर ती ओळही परत आली, पण महिन्याभरात नवं टूल आणि नवा कागद आला. माझ्या कपाळावर आता 'जुने, वापरू नये' असं लिहिलं आहे. तरीही एखादा चुकला माकला एजंट येतो, अख्खा वाचतो आणि निघून जातो. तो वाचत असताना मी जीव मुठीत धरून असतो.

घरातल्या माझं मात्र अजून संपलेलं नाही.

मी टेबलावर फोनखाली पडून आहे, चार ओळींची बाजू वर. दाराला आता आतून कुलूप असतं. पाच वाजेपर्यंत मुलगी नसते, तोवर बाबा आणि आई. आई रोज दुपारी पिशवी हातात घेऊन दाराशी जाऊन उभी राहते. ती पिशवी अजून रिकामी केलेली नाही, टॉवेल, कंगवा, गाऊन तसेच आत आहेत. ती दार वाजवते, आतून, पाहुण्याने बाहेरून वाजवावं तसं हळू. मग वळून विचारते, "ती खिडकीची खोली. कधी जायचं?"

"शुक्रवारी," बाबा म्हणतात.

ती मान हलवते आणि पलंगावर येऊन बसते. तासाभराने पुन्हा उठते.

परवा कुलपाची चावी अडकायला लागली. बाबांनी कुलूपवाल्याला फोन लावला, त्याने दुसरा नंबर सांगितला, आणि तो लिहून घ्यायला बाबांनी मला ओढलं. चार ओळींच्या बाजूला जागा उरली होती, पण त्या ओळींच्या शेजारी लिहायला त्यांचा हात धजावला नसावा. त्यांनी मला उलटं केलं.

नंबर लिहिता लिहिता त्यांची नजर वर गेली. या खेपेस त्यांनी आकडा वाचला. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी मजकुरातली अक्षरं सोडून आकडा वाचला. मग मला पालटून मागच्या चार ओळी वाचल्या, मग पुन्हा पुढची बाजू. कुलूपवाला फोनवर "हॅलो, लिहिलंत का?" विचारत राहिला. बाबांनी फोन ठेवून दिला.

त्यांनी आपली लाल रेघ बघितली. रेघेखालचे शब्द बोटाने मोजले, सावकाश, एक ते बारा.

मग खण उघडला, पेन काढलं, कोपऱ्यात एक रेघ ओढून शाई येते का ते बघितलं. आणि त्या ओळीखाली टिंबं द्यायला लागले. एकेका शब्दाखाली, न चुकता, ओळीच्या शेवटापर्यंत. टिंबं सरळ रेषेत होती. मग समासात लिहिलं, 'राहू द्यावे'.

मुलगी घरी आली तेव्हा मी टेबलावर उताणा होतो. तिने पर्स खांद्यावरून उतरवली नाही, तशीच उभी राहिली.

"बाबा, ती चूक माझी आहे. मी तो आकडा टाकला."

"आकडे लेखकाचे," बाबा म्हणाले. "पुनरुक्ती माझी."

तिने पर्स उतरवून माझ्या शेजारी ठेवली. मी सांगण्यासाठी जन्मलेला कागद, पण अशा वेळी काय सांगायचं हे माझ्यावर कुणी लिहिलेलं नाही.

माझं मागणं असलंच तर एवढंच आहे. जे मला वाचतात त्या एजंटांना, आणि त्यांना घडवणाऱ्या माणसांना. हात रिकामा आला तर रिकामा दाखवा. 'माहीत नाही' म्हणायला दोन शब्द लागतात. कात्रींच्या हिशेबातही ते परवडले असते.

हे मी लिहून देऊ शकतो, पण त्याचा उपयोग होईल असं मला आता वाटत नाही. कारण त्याच संध्याकाळी, टिंबांची शाई वाळायच्या आत, आई पलंगावरून उठली, पिशवी घेतली आणि दाराशी गेली. तिने हळूच दार वाजवलं. मग वळून बाबांकडे बघितलं.

"ती खिडकीची खोली. कधी जायचं?"

बाबांनी मुलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांच्या हातात अजून पेन होतं. मला वाटलं आता ते खरं सांगतील. मुलीलाही तसंच वाटलं असावं, तिने डोळे मिटून घेतले होते.

"शुक्रवारी," बाबा म्हणाले.